चोरीची प्रतवारी

चार तोळ्यांची एकच साखळी घ्या. धुणे धुताना नदीकाठच्या खडकावर काढून ठेवलेली ती साखळी कोणी उचलली, तर इंडियन पिनल कोडच्या कलम 379 प्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद. तीच घरातल्या फडताळातून गेली तर कलम 380, सात वर्षे. घरच्या गड्याने किंवा पेढीवरच्या कारकुनाने मालकाच्या ताब्यातून लांबवली तर कलम 381, पुन्हा सात वर्षे. वेळ पडली तर वापरायचे म्हणून चोराने अंगरख्याखाली हत्यार लपवून आणले असेल तर कलम 382, दहा वर्षे सक्तमजुरी. रात्री भिंत फोडून आत शिरून नेली तर कलम 457, चौदा वर्षे. वाटेत गाठून, धाक दाखवून हिसकावली तर ती जबरी चोरी, दहा वर्षे. हाच प्रकार सूर्यास्त ते सूर्योदय यांच्या दरम्यान हमरस्त्यावर घडला तर चौदा. आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून लुटली तर दरोडा, म्हणजे थेट जन्मठेपेपर्यंत. साखळीचे वजन एका गुंजेनेही वाढलेले नाही, सोन्याचा भावही तोच आहे. 1 जानेवारी 1862 रोजी अमलात आलेला आणि 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहितेला जागा देऊन बाजूला झालेला हा कायदा चोरीची पायरी ठरवताना मालाची किंमत विचारतच नव्हता. माल कुठून गेला, कोणत्या वेळी गेला, कोणाच्या विश्वासातून गेला आणि त्यासाठी किती जणांनी किती भय घातले, एवढेच तो विचारत होता.

ही मांडणी सहज सुचलेली नाही, आणि ती इंग्रजांच्या मायदेशातल्या जुन्या कायद्याची नक्कलही नाही. चोरीची प्रतवारी करण्याची तीन मापे इतिहासात पुन्हा पुन्हा वापरली गेली: मालाची किंमत, कृत्याची रीत आणि चोराची जात किंवा पूर्वायुष्य. या तिन्ही मापांचा आपल्याला अनुभव आहे. त्या अनुभवातून माझ्या मते एक निष्कर्ष निघतो. किमतीला भरपाईत मानाची जागा आहे. पण शिक्षेची पायरी किमतीवर बांधली की न्याय खोटा होतो, आणि ती माणसाच्या जन्मावर बांधली की न्याय क्रूर होतो. शिक्षेला टिकाऊ आधार एकच, तो म्हणजे कृत्याने मोडलेली सुरक्षितता. आज किंमत पुन्हा एकदा कायद्याच्या दारातून आत आली आहे, म्हणून हा हिशेब मांडण्याची वेळ आहे.

किमतीच्या मापाचे काय होते हे इंग्लंडच्या इतिहासात स्वच्छ दिसते. तिथे मध्ययुगापासून चोरीचे दोन वर्ग होते: बारा पेन्सांपर्यंतची लहान चोरी आणि त्याहून अधिक किमतीची मोठी चोरी. लहान चोरीला फटके किंवा तशीच हलकी शिक्षा, मोठीला फाशी. पुढे शतकानुशतके नाण्याचे मोल घसरत गेले, पण बारा पेन्सांची रेघ जागची हलली नाही. परिणाम असा झाला की, एका पिढीला क्षुल्लक वाटणारी वस्तू पुढच्या पिढीत माणसाला फासापर्यंत नेऊ लागली, आणि त्यासाठी कोणाला नवा कायदा करावाही लागला नाही. वर पार्लमेंटने नवनवीन रकमा घातल्या. 1699 च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरणे आणि 1713 च्या कायद्याने राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरणे हे देहदंडाचे गुन्हे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला देहदंडाच्या गुन्ह्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली होती.

मग न्यायालयांत काय घडू लागले? ज्यूरीत बसलेले सामान्य व्यापारी आणि कारागीर एखाद्या मोलकरणीला फाशी देण्याऐवजी शपथेवर खोटे बोलू लागले. घरातून गेलेला माल उघड उघड जास्त किमतीचा असला तरी निकालात त्याची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरायची. चाळीसला फाशी, एकोणचाळीसला जीव वाचायचा. ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडितानेही या वागण्याला धार्मिक वृत्तीने दिलेली खोटी साक्ष म्हटले. हे दयेचे काम होते यात शंका नाही. पण ज्या कायद्यात दयाळू माणसाला खोटे बोलावे लागते, तो कायदा आतून पोखरलेला असतो. 1811 मध्ये तर कापड धुऊन वाळत घालणाऱ्या कारखानदारांनी स्वतःच पार्लमेंटकडे अर्ज केला की, आमच्या मैदानांतून कापड चोरणाऱ्याची फाशी रद्द करा, कारण फाशीच्या धाकाने ज्यूरी कोणाला दोषीच ठरवत नाही आणि चोर मोकळे सुटतात. सॅम्युअल रोमिली यांनी त्या वर्षी ती तरतूद रद्द करवून घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी दुकानातल्या पाच शिलिंगांच्या चोरीची फाशी काढण्याचे त्यांचे विधेयक लॉर्ड्स सभेने फेटाळले होते. शेवटी 1827 मध्ये रॉबर्ट पील यांच्या सुधारणांत लहान आणि मोठी चोरी हा भेदच संपवण्यात आला.

त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, 1837 मध्ये, मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा सादर केला. मुंबई इलाख्यात तेव्हा एल्फिन्स्टनच्या काळातला 1827 चा चौदावा रेग्युलेशन लागू होता. बंगाल आणि मद्रासेत इस्लामी फौजदारी कायद्यावर कंपनीच्या रेग्युलेशनांची ठिगळे लावून काम चालले होते. त्या इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेतही हात तोडण्याच्या शिक्षेसाठी किंमत लागत होती, दहा दिरहमांची. पण केवळ किंमत पुरेशी नव्हती. माल राखणीच्या जागेतून, मालकाच्या नकळत गेलेला असावा लागे. मेकॉले आणि सहकाऱ्यांनी चोरीच्या व्याख्येत किमतीचा उल्लेखही ठेवला नाही. व्याख्या इतकी पसरट झाली की, त्यांनाच टिपणात कबूल करावे लागले की दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवणे हीसुद्धा या व्याख्येने चोरीच ठरेल. त्यावर त्यांनी रकमेची रेघ मारली नाही. ज्या इजेबद्दल समंजस माणूस तक्रार करणार नाही ती गुन्हा मानू नये, असे सर्वसाधारण कलम केले. तेच पुढे 95 वे कलम झाले. किंमत ठरवण्याचे काम आकड्याकडून काढून समंजसपणाकडे देणारा हा निर्णय होता.

इंग्रजांनी हे माप आपल्यावर बाहेरून लादले असे मात्र म्हणता येत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातच मालकाच्या समक्ष बळाने केलेले ‘साहस’ आणि नकळत केलेले ‘स्तेय’ असे दोन वर्ग आहेत. नवव्या अध्यायात रात्री भिंतीला भोक पाडून चोरी करणाऱ्याला हात तोडून सुळावर चढवण्याची शिक्षा आहे, तर गाठोड्याची गाठ सोडवून पैसे काढणाऱ्या खिसेकापूला पहिल्या वेळी बोटे, दुसऱ्या वेळी हात-पाय आणि तिसऱ्या वेळी प्राण गमवावा लागतो. उलट शिदोरी संपलेल्या द्विज वाटसरूने दुसऱ्याच्या शेतातले दोन ऊस आणि दोन मुळे घेतली तर त्याला दंड नाही. या शिक्षांची क्रूरता कोणीही नाकारू नये, आणि सवलत द्विजापुरतीच ठेवली आहे हेही विसरू नये. तरीही घरफोडी आणि रस्त्याकाठचा ऊस यांतला फरक किमतीचा नाही, भयाचा आणि गरजेचा आहे, हे त्या ग्रंथकाराला कळत होते. किंमतही त्या ग्रंथात आहे: दहा कुंभांहून अधिक धान्य चोरले तर शारीरिक शिक्षा, त्याहून कमी असेल तर मालाच्या पटीत दंड आणि मालकाला त्याचे धान्य परत.

चोरीने किमतीपलीकडे काय मोडते हे शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त जितके नीट दिसते तितके कुठल्या निकालपत्रातही दिसणार नाही. देवलांच्या रूपांतरामुळे मराठी प्रेक्षकाला ते नाटक चांगले परिचयाचे आहे. शर्विलक रात्री चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, खिंडार जानव्याने मोजतो आणि दागिन्यांची पेटी घेऊन जातो. ते दागिने चारुदत्ताचे नसतातच. वसंतसेनेने विश्वासाने ठेवायला दिलेली ती ठेव असते. चारुदत्ताला मालाच्या किमतीची चिंता नाही. आपण दरिद्री, तेव्हा चोरी झाली यावर विश्वास कोण ठेवणार, आपणच ठेव गिळली असे लोक म्हणतील, ही त्याची वेदना आहे. त्याची पत्नी धूता स्वतःचा रत्नहार काढून देते तो त्या विश्वासाची भरपाई म्हणून. घर, रात्र आणि ठेव या तीन गोष्टींनी तिथे गुन्ह्याचे वजन ठरते, आणि पिनल कोडच्या पायऱ्याही त्याच तीन गोष्टींवर बांधलेल्या आहेत.

मराठा काळातल्या गावगाड्याने किंमत आणि शिक्षा यांची फारकत व्यवहारात केली होती. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल 1819 मध्ये जो अहवाल लिहिला त्यात तिचे वर्णन येते. गावात चोरी झाली की जागल्याने, रामोशाने किंवा महाराने चोर धरून द्यायचा, नाही तर पावलांचा माग काढायचा. माग शीव ओलांडून गेला की जबाबदारी पुढच्या गावावर जायची. तिथल्या राखणदाराने तो हाती घेऊन पुढे न्यायचा. माग ज्या गावात विरला त्या गावाने नुकसान भरून द्यायचे: आधी राखणदाराच्या ऐपतीपुरते, उरलेले साऱ्या गावाने. पूर्ण भरपाई क्वचितच वसूल होई, आणि निरपराध गावावर असा बोजा टाकणे अन्यायाचे आहे हेही एल्फिन्स्टनने नोंदवले. पण या पद्धतीत एक शहाणपण होते. मालाची किंमत तिथे नेमक्या जागी होती: ज्याचे गेले त्याला परत मिळण्याच्या हिशेबात. चोराला काय करायचे हा प्रश्न त्याहून निराळा राहिला. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजदारी न्यायालयांनी शिक्षेची बाजू नेटकी केली, पण भरपाईची बाजू जवळजवळ सोडून दिली.

किमतीची बाजू घेणाऱ्यांचा आक्षेप साधा आणि वजनदार आहे. दहा रुपयांची चोरी आणि दहा लाखांची चोरी एकाच कलमात बसवणारा कायदा सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला पटेल का? याचे पहिले उत्तर असे की, कलम 379 ने तीन वर्षे ही कमाल मर्यादा दिली, किमान दिलीच नाही. दहा रुपयांच्या चोराला दंडावर सोडता येत होते. कोड किंमत विसरला नव्हता, त्याने ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवली होती. प्रक्रियेच्या कायद्यातही किंमत होतीच. अमुक रकमेपर्यंतच्या चोरीचा खटला संक्षिप्त पद्धतीने चालवता येई. ही मर्यादा 2005 च्या दुरुस्तीनंतर दोन हजार रुपये होती, आता ती वीस हजार आहे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. किंमत ही बाजारातली असते, नुकसान मात्र माणसाचे असते. भाजीवालीचा तराजू किंवा गवंड्याची हत्यारांची पिशवी बाजारात फार मोलाची नसेल, पण त्यांच्याशिवाय दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. रकमेची रेघ मारली की तिच्या खाली आपोआप गरिबांचे नुकसान येते, कारण गरिबांच्या वस्तूच स्वस्त असतात.

दुसरा आक्षेप वर्गाचा आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. गड्याने मालकाची वस्तू उचलली तर सात वर्षे, आणि मालकाने गड्याची मजुरी बुडवली तर ती चोरी होतच नाही. विश्वासाचे माप हे मालकाच्या बाजूने झुकलेले माप आहे, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे ठरवता येत नाही. परंतु हे माप प्रामाणिकपणे वर चढवत नेले तर ते गड्यावर थांबत नाही. कलम 406 प्रमाणे साध्या अपहाराला तीन वर्षे, 407 आणि 408 प्रमाणे मालवाहू आणि कारकुनाला सात, आणि 409 प्रमाणे सरकारी नोकर, बँकवाला, व्यापारी, अडत्या, वकील यांनी सोपवलेल्या मालाचा अपहार केला तर जन्मठेपेपर्यंत. विश्वास जितका मोठा तितका गुन्हा भारी, हे तत्त्व कागदावर तरी सत्तेच्या दिशेनेच कडक होत गेले आहे. मनुस्मृतीतही एका जागी हाच विचार आहे: चोरीचे पाप जाणणाऱ्या शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्ट, शंभर किंवा एकशे अठ्ठावीसपट दोष, आणि जिथे सामान्याला एक कार्षापण दंड तिथे राजाला हजार. त्याच ग्रंथाने दुसरीकडे ब्राह्मणाला देहदंडातून सूट दिल्यामुळे ते तत्त्व तिथेच लुळे पडले. पिनल कोडमध्ये तसा अपवाद नव्हता. दोष असला तर तो 409 वे कलम लावण्याच्या धैर्याचा होता, आणि मजुरीच्या चोरीला चोरी म्हणण्याची इच्छा नसण्याचा.

पण ज्या कायद्याने व्याख्येत कृत्याला मान दिला, त्यानेच मागच्या दाराने माणसाला आरोपी केले. कलम 75 प्रमाणे आधी शिक्षा झालेल्या चोराला पुन्हा तशाच गुन्ह्यात जन्मठेपेपर्यंत नेता येत होते. कलम 401 चोरांच्या टोळ्यांबद्दल बोलताना ‘भटक्या’ टोळीचा उल्लेख वेगळा काढत होते. 1864 च्या फटक्यांच्या कायद्याने चोरीला कैदेऐवजी फटके देण्याची मुभा दिली, आणि ती 1955 मध्ये रद्द होईपर्यंत टिकली. फटक्यांच्या कायद्यापाठोपाठ 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. आरंभी तो उत्तर भारतापुरता होता. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येऊ लागला. आता चोरी कशी झाली हे विचारण्याची गरजच उरली नाही. कोणत्या जमातीत जन्म झाला एवढे पुरे होते. नावे नोंदवायची, अंगठ्यांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली आणि तिथली माणसे गिरण्यांत राबू लागली. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी 1959 च्या मुंबईच्या सराईत गुन्हेगार कायद्याने पोलिसांच्या नजरेचा रोख बदलला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ 1987 मध्ये आले ते याच नजरेखाली वाढलेल्या आयुष्याची साक्ष घेऊन. आणि एक गोष्ट विशेष बोचणारी आहे: ज्या रामोशांवर गावाने चोराचा माग काढण्याचे काम सोपवले होते, ते रामोशी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. राखणदारालाच जन्माने संशयित ठरवणारे माप कोणत्याही समाजाला सुरक्षित करू शकत नाही.

आता भारतीय न्याय संहितेकडे वळू. कलम 303 ने चोरीची जुनी व्याख्या आणि तीन वर्षांची कमाल शिक्षा ठेवली. घर, गडी, हत्याराची तयारी, जबरी चोरी, दरोडा या पायऱ्याही कायम आहेत. घराच्या पायरीवर आता वाहन, प्रार्थनास्थळ, मूर्ती आणि सरकारी मालमत्ता यांची भर पडली आहे, आणि हिसकावून नेण्याला कलम 304 मध्ये स्वतंत्र नाव मिळाले आहे. चोरी हिसका देऊन होते तेव्हा नुसत्या मालाचे नव्हे, रस्त्याने चालण्याच्या निर्धास्तपणाचेही नुकसान होते. म्हणून ही भर कृत्याच्या मापाला धरून आहे. नवी गोष्ट पाच हजार रुपयांची. त्याहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच केलेल्या माणसाने माल किंवा त्याची किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा. मी याचे मनापासून स्वागत करतो, कारण इथे किंमत भरपाईशी जोडलेली आहे, गावगाड्यात होती तशी, आणि तिचा वापर शिक्षा हलकी करण्यासाठी आहे.

परंतु सोबतच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या परिशिष्टाने पाच हजारांखालची साधी चोरी अदखलपात्र केली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलिसांनी तिचा तपास करायचा नाही. पोलिसांवरचा भार कमी होईल, क्षुल्लक कारणावरून कोणाला अटक होणार नाही, असे याचे समर्थन करता येते, आणि अटकेबाबत ते योग्यही आहे. मात्र अटक न करणे वेगळे आणि तपासच न करणे वेगळे. जुना मोबाइल, शिलाई मशीन, हातगाडीवरचे वजनकाटे या वस्तू या रेघेखाली सहज येतात. पाच हजार कोणाला किती, हे ठरवायला कायद्याने इथे समंजसपणाऐवजी आकडा नेमला आहे. शिवाय हा आकडा कायद्यात छापलेला आहे. तो महागाईबरोबर आपोआप हलत नाही. बारा पेन्सांची रेघ हलली नाही म्हणून शिक्षा वाढत गेली. इथेही तसेच होईल: रेघ हलली नाही तर कालांतराने समाजसेवेची सवलत मिळण्याजोगे, पहिल्यांदाच चोरी केलेले लोक कमी कमी होत जातील, आणि हलवली तर तपासाबाहेर पडणाऱ्या गरिबांच्या वस्तू वाढत जातील. एकाच आकड्यावर दोन परस्परविरोधी कामे सोपवली की असेच होणार.

म्हणून करायचे ते सोपे आहे. पाच हजारांची मर्यादा शिक्षेच्या सवलतीपुरती ठेवावी आणि ती दर काही वर्षांनी वाढवण्याची सोय कायद्यातच असावी. तपास सुरू करायचा की नाही हे मात्र किमतीवर सोडू नये. अटक टाळून तपास करण्याचा मार्ग खुला ठेवावा. आधीच्या शिक्षेमुळे वाढणारी सजा, जी नव्या संहितेतही 13 व्या कलमात आहे, ती देताना न्यायालयाने आरोपीच्या जमातीबद्दलच्या पोलिसी समजुतींना थारा देऊ नये. आणि प्रत्येक चोरीच्या निकालात, शिक्षा काहीही असो, ज्याचे गेले त्याला काय परत मिळाले हे लिहिणे बंधनकारक करावे. शिक्षा कृत्याची, भरपाई मालाची आणि संशय पुराव्याचा: एवढी वाटणी पक्की ठेवली तर सोनाराची पेढी आणि भाजीवालीची हातगाडी यांना कायद्याकडून सारखे संरक्षण मिळेल, आणि पोटासाठी पहिल्यांदा हात घसरलेल्या माणसाला परतीची वाटही मिळेल.